सातवा भोपळा

मिरज, १२ फेब्रुवारी १९४३

चि. अंजनास धुळादादाचे आशीर्वाद.

मी सुखरूप हाय. आईचा खोकला कसा हाय?

आमच्या गल्लीत पूर्वी तलवारींना धार लावायचे, आता तंबोरे करतात. माझे उस्ताद हुसेनचाचा वाळल्या भोपळ्यावर बोट वाजवून आतलं सांगतात. इथं आवाजाबद्दल कुणी खोटं बोलत न्हाई, अशी गल्लीची ख्याती.

काल पोलीस आले. फौजदाराच्या कानावर ती ख्याती होती. भोपळे ओळीनं मांडून मला म्हणाला, "वाजव. यातला भरलेला कुठला?"

सातवा बद्द वाजला. आत चळवळीची पत्रकं होती. चाचांनी मान खाली घातली.

मी म्हणालो, "सगळे पोकळ हायत, साहेब."

ते गेल्यावर चाचा म्हणाले, "बेटा, या गल्लीत आज पहिल्यांदा कुणी आवाज खोटा सांगितला." आणि माझा हात आपल्या कपाळाला लावला.

उद्या पोलीस दुसरा जाणकार आणणार हायत. म्हणून सातवा भोपळा या पत्राबरोबर कोंडीबामामाच्या हाती धाडलाय. आढ्याला टांगून ठेव. आईला सांग, बियाण्याचा हाय. न्यायला माणूस येईपर्यंत कुणालाबी वाजवू देऊ नको.

पत्र आईला अर्धंच वाचून दाखव, मग चुलीत घाल.

तुझा दादा,
धुळा