मिठातली गाठ

नाशिक, ८ जानेवारी २०२५

ती. हंसाआत्यास,
भाविनीचा सा. न. वि. वि.

तुझ्या डोक्यावरून काढलेली गाठ जिग्नेशदादाने माझ्या लॅबमध्ये आणून दिली. खारवलेली मासळीही पोचली. फोनवरचं घरभर ऐकू जातं म्हणून पत्र लिही, असा तुझा निरोप, म्हणून लिहिते.

गाठीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि मन थाऱ्यावर राहिलं नाही. पेशी आक्रसलेल्या, त्यांची केंद्रं काळीकुट्ट. कॅन्सरमध्येही असं दिसतं. आमचे सर म्हणतात, पुन्हा कापून मोठा भाग काढावा लागेल. पण कॅन्सरसारखी दुभंगून वाढणारी पेशी एकही दिसत नाही, म्हणून मला ते पटत नाही. बाटली माझ्या हाती येईपर्यंत गाठीचं काय काय झालं? लपवू नकोस.

तुझी,
भाविनी

डहाणू, १३ जानेवारी

चि. भाविनीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

लपवणारच होते. रिक्षात बाटलीचं झाकण सैल झालं, औषध सगळं सांडलं. डॉक्टरांकडे परत जायची लाज वाटली. नासू नये म्हणून मासळीला चोळते तसं गाठीला मीठ चोळलं, बाटलीत मीठ भरलं. दुसऱ्या दिवशी जिग्नेश निघाला.

गाठ चुंबळीखाली टोचायची म्हणून काढली. मासळीची पाटी आता सून रुपल उचलते. बाजारातली माझी चाळीस वर्षांची जागाही तिलाच देऊन टाकली. मला भीती वाटते गं. वाईट असेल तरी खरं लिही.

तुझी आत्या

नाशिक, १८ जानेवारी

ती. आत्यास, सा. न.

तू धन्य आहेस! मिठाने पाणी ओढलं म्हणून काठाच्या पेशी काळ्या पडल्या. उरलेल्या तुकड्याच्या गाभ्यातून नवे काप घेतले. तिथे पेशींचे पुंजके, दगडी भिंतीतल्या दगडांसारखे एकमेकांत बसलेले. प्रत्येकाभोवती गुलाबी किनार, कडेला छोट्या काळसर पेशी, आत मोठ्या फिकट. ही त्वचेतल्या ग्रंथीची साधी गाठ, सिलिंड्रोमा. कॅन्सर नाही! सरांनीही सही केली. पुन्हा कापायचं नाही, फक्त वर्षाने डोकं दाखव, कधीकधी ती परत येते.

पहिले काप पाहून मी रडले होते, हे आता सांगते. टाके सुकले की रुपलकडून जागा परत माग.

माया अशीच असू दे.
भाविनी

डहाणू, २३ जानेवारी

चि. भाविनीस, आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचलं. घरभर ऐकू गेलं, जाऊ दे. काल बाजारात गेले. जागा मागावी लागलीच नाही. रुपल इतके दिवस माझा पाट मोकळा मांडून त्याच्या शेजारी जमिनीवर बसत होती.

या म्हातारीवर जीव ठेव.
तुझी आत्या