परसातलं निळं

आई, आज दुपारी परसात पाण्याची परात भरून ठेवत होते, तेव्हा शेजारच्या घरातल्या नव्या सुनेनं भिंतीवरून विचारलं, "काकू, हे कुणासाठी?" मी म्हणाले, पाखरांसाठी. तिचं तेवढ्यानं समाधान झालं, ती धुणं वाळत घालायला लागली. माझं काही झालं नाही. घरात येऊन पंखा लावून बसले, आणि वाटलं, हिला सांगण्यासारखं ते नाही, तुलाच सांगावं. तू आजारी पडलीस त्या वर्षाचं आपण दोघी पुढं कधी बोललोच नाही. तुला बोलण्याचा त्रास व्हायचा आणि मला वाटायचं, कशाला उकरून काढा. तू गेलीस त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा गावाच्या पाटीवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम मात्र तेव्हाही नव्हता आणि आताही नाही.

तुझा आवाज काय होता, हे आता कॉलनीत कुणालाच ठाऊक नाही. तू मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होतीस. वडील गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना तू त्या चुलीवर मोठं केलंस. शाळा सुटली की मी तिथंच यायचे. मला ते स्वयंपाकघर अजून दिसतं. धुरानं काळी झालेली भिंत, वरणाचं भलंमोठं पातेलं, पिठाच्या पोत्याशेजारी मी दप्तर उघडून बसलेली, आणि तू मधोमध उभी. हातात उलथनं. एखादी मुलगी ताटात भाकरी टाकून उठली की तू तिला पार दरवाजापर्यंत गाठायचीस, जागचं न हलता, नुसत्या आवाजानं. "ए बाई, ती भाकर काय भिंतीला लावायची का आता?" मुली हसायच्या, घाबरायच्या आणि परत येऊन भाकरी संपवायच्या. पाचोडकडची तुझी बोली तू शहरात कधी सोडली नाहीस. मला मैत्रिणींसमोर तिची लाज वाटे, आणि त्याच मैत्रिणींना तुझ्या हाकेचं कौतुक वाटे.

आणि असा आवाज असलेली बाई एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली. मला आधी वाटलं, घसरलीस. जवळ आले तर तुझं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तू माझ्याकडं बघत होतीस. तुला सगळं कळत होतं. मी काय विचारते, रिक्षा आली, शेजारच्या काका-काकूंनी तुला कसं उचललं, सगळं. फक्त शब्द येत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूत रक्त पोचलं नाही, हातपाय सुधारतील, बोलणं किती परत येईल ते सांगता येत नाही. घरी आणल्यावर हात थोडा हलायला लागला, काठीच्या आधारानं तू चालायलाही लागलीस. तोंडातून मात्र नुसता हुंकार. तू तोंड उघडायचीस, मान ताणायचीस, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग भिंतीकडं तोंड करून पडून राहायचीस. घरात एवढी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मी मुद्दाम भांडी आपटायचे.

मी तेव्हा औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात होते. मालकांनी मला दुपारी घरी जाऊन यायची मोकळीक दिली होती. मी नसताना शेजारच्या काकू तुला परसातल्या खुर्चीत, सीताफळाच्या सावलीत बसवायच्या, कारण खोलीत तू रडायचीस. असंच एक दिवस मी जेवायला आले, तर तू माझा पदर धरलास आणि म्हणालीस, "निळं."

आजारानंतरचा तुझा तो पहिला शब्द. मी आनंदानं वेडी झाले. काय निळं, आई? तू भिंतीकडं हात केलास. "निळं. निळं." मी आत पळाले आणि तुझी निळी साडी घेऊन आले. तू मान हलवलीस. मग निळी बादली आणली, निळ्या झाकणाचा डबा आणला, कपड्यांना घालायच्या निळीची बाटलीसुद्धा आणली. तू डाव्या हातानं ती बाटली अशी ढकललीस की फरशीवर निळा डाग पडला. पुढं रोज तेच. मी आले की "निळं", काकू आल्या की "निळं". डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, अशा आजारात कधीकधी एखादा शब्द जिभेवर अडकून बसतो, दरवेळी त्याला अर्थ असतोच असं नाही. त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांनी तसे पेशंट पाहिलेले होते. मी ते ऐकलं आणि वस्तू आणायच्या बंद केल्या. तू म्हणायचीस "निळं", मी म्हणायचे "हो, हो," आणि तोंडात घास भरवायचे.

मग एका रविवारी दुकान बंद होतं. मी तुझ्या शेजारी जमिनीवर बसून मेथी निवडत होते. कोपऱ्यातला नळ ठिबकत असायचा आणि त्याच्याखाली फुटक्या कुंडीच्या बशीत पाणी साठायचं. तू एकदम माझा खांदा दाबलास. जोरात. मी वर बघते, तर जास्वंदीच्या खालच्या फांदीवर चिमणीएवढा पक्षी ताठ बसलेला. पाठ गर्द निळी, छातीवर नारिंगी, जणू कुणी हळद-कुंकू कालवून बोट फिरवलेलं. तो टुणकन बशीवर उतरला, दोनदा चोच बुडवली, पंख फडफडवून पाणी उडवलं आणि भिंतीपलीकडं गेला. मी तुझ्याकडं वळले. तू माझ्याकडं बघत होतीस, आणि तुझा चेहरा, आई, तो चेहरा मला सांगता येणार नाही. परीक्षेत पास झाल्यावर मूल बघतं तसा. "निळं," तू म्हणालीस. मी मेथीची जुडी तशीच टाकली आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुझा शब्द अडकला नव्हता. तू इतके दिवस एक सरळ, खरी बातमी सांगत होतीस आणि आम्ही तुला बादल्या दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक शोधून काढलं. मालकांनी विचारलं, हे काय नवीन? मी सगळं सांगितलं. ते पुस्तक त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "माझ्याकडून आईंना." संध्याकाळी मी एकेक पान उलटत गेले. खंड्यावर तू नाक मुरडलंस, मोरावर हसलीस. आणि निळा माशीमार आला तेव्हा डाव्या हाताचं बोट चित्रावर असं ठेवलंस की मला पान उलटताच येईना.

त्यात लिहिलं होतं, या पक्ष्याला दाट सावली लागते, उथळ पाणी लागतं, पालापाचोळ्यातले किडे लागतात. मग आपण दोघींनी परस त्याच्या सोयीचं करायला घेतलं. मी बशीच्या जागी परात ठेवली, तिच्यात एक दगड ठेवला, म्हणजे त्याला उभं राहता येईल. नळाला पाणी नसेल त्या दिवशी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी झाडांना घालायचे आणि चांगल्या पाण्याचा एक तांब्या परातीसाठी राखायचे. सगळ्यात अवघड झालं ते झाडणं बंद करणं. तू जन्मभर अंगण लख्ख ठेवत आलेलीस. सीताफळाखाली पाला साठू लागला तेव्हा तुझी नजर सारखी खराट्याकडं जायची. पण तू स्वतःला आवरलंस. जास्वंद मी छाटली नाही, झाडांवर औषध मारलं नाही. आणि रोज उन्हं कलताना आपण दोघी खुर्च्या टाकून गप्प बसायचो. ती शांतता वेगळी होती. तिच्यात वाट बघणं होतं.

तो रोज येत नसे. पण आला की तू म्हणायचीस, "आलं." एक दिवस "गेलं" आलं. मग "पाणी". दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या मॅडमनी मला सांगितलं होतं की शब्द त्यांच्या तोंडात देऊ नका, थांबा. मला ते घरात कधी जमलं नसतं, पण परसात मला तसंही गप्पच बसावं लागायचं. एकदा शेजारच्या बोक्याचं काळं शेपूट पाल्यात हललं. पक्षी परातीत न्हात होता. तू काठी आपटायला गेलीस तर काठी हातातून निसटली, आणि तुझ्या तोंडून खणखणीत आलं, "हाड! हाड!" बोका पळाला, पक्षी उडाला आणि तू स्वतःच दचकून आपल्या तोंडावर हात ठेवलास. काकू आतून धावत आल्या, म्हणाल्या, "कोण आलंय?" मी म्हणाले, "आई आलीय."

त्याच उन्हाळ्यात दादा पुण्याहून गाडी घेऊन आला. मला त्याचा तेव्हा राग आला होता, आता येत नाही. त्याला तुझं भलंच करायचं होतं. पुण्यात मोठे डॉक्टर, घराला लिफ्ट, चोवीस तास पाणी. तो माझ्याशी बोलत होता, तुझ्यासमोर, पण तू तिथं नसल्यासारखा. "तिला इथं काय आहे? तूही किती दिवस नोकरी आणि हे करशील? बॅग भर, सकाळी निघू." त्याचं खरं होतं, मी थकले होते. तू दारातून हे ऐकत होतीस. काठी टेकत आलीस, दादाच्या हाताला धरलंस आणि त्याला ओढत परसात नेलंस. खुर्चीकडं बोट केलंस. "बस."

तो बसला. बुटात, पाल्यात पाय ठेवून. "काय आहे आई?" तू ओठांवर बोट ठेवलंस. त्याला काही कळेना, तो माझ्याकडं बघायचा, मी नुसती मान हलवायचे. बराच वेळ काहीच झालं नाही. साळुंक्या भांडून गेल्या, एक खार आली. दादा उठणार, तेवढ्यात जास्वंदीत हालचाल झाली. तो निळा खाली आला, परातीच्या काठावर बसला, मान तिरकी करून आपल्याकडं बघितलं त्यानं. दादाचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आणि नेमका त्याच्या खिशातला मोबाईल केकाटला. पक्षी भुर्रकन गेला.

"बंद कर की ते मेलं!"

आई, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातला आवाज होता तो. दादानं फोन खाली टाकला. आम्ही दोघं तुझ्याकडं बघत राहिलो. तूही आमच्याकडं. सगळ्यांत आधी दादा हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी सुरू झालं ते त्यालाही कळलं नाही. तो खुर्चीवरून उतरून तुझ्या पायाशी बसला, लहानपणी फोडणीच्या वासानं भूक लागली की बसायचा तसा. तू त्याच्या केसांतून डावा हात फिरवलास आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणालीस, "नाय... जायाचं. इथंच." तो म्हणाला, "बरं." सकाळी तो एकटाच गेला. जाताना त्यानं गळका नळ दुरुस्त करू नका, एवढं मला दोनदा सांगितलं. पुढं दर महिन्याला यायला लागला, आणि परसात आला की आधी फोन बंद करायचा.

बोलणं तुझं पूर्ण परत आलं नाही. शेवटपर्यंत वाक्यं अर्धी राहायची, नावांची अदलाबदल व्हायची, मला दादा म्हणायचीस आणि दादाला पोरी. पण तुझं म्हणणं घरात पुन्हा चालायला लागलं. भाजीत मीठ कमी आहे, पडदा ओढ, ही साडी नको. अशी काही वर्षं मिळाली आपल्याला. मग एका थंडीत तू झोपेतच गेलीस, आणि त्या दिवशी पक्षी आला होता की नाही ते मला खरंच आठवत नाही. लोकांना वाटतं, आला असेल. मी तसं कुणाला सांगितलेलं नाही.

आता शेजारी मोठी इमारत झाली आहे, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. निळा हिवाळ्यात कधीतरी दिसतो. कॉलनीतली पोरं मला पक्षीवाली मावशी म्हणतात. एखादं पीस सापडलं की घेऊन येतात, हे कशाचं विचारतात. मी काहीतरी सांगते. ती कौतुकानं ऐकतात, आणि मला आत कुठंतरी चोरट्यासारखं होतं. कारण आई, मला पक्ष्यांचं तसं काही नाही. कधी नव्हतं. साळुंकी आणि बुलबुल यातसुद्धा माझा गोंधळ होतो. त्या सगळ्या संध्याकाळी तू जास्वंदीकडं बघायचीस आणि मी तुझ्या ओठांकडं. तो आला की मला तुझ्या तोंडावरून कळायचं. त्याचं पोट पांढरं होतं की पिवळट, एवढंही मला आज सांगता यायचं नाही. तू असतीस तर मी हे कधीच कबूल केलं नसतं. तुला वाटायचं, आपल्या दोघींना एकच वेड आहे. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणूनच लिहिलं.