उलटी जर्सी

रविवार, संध्याकाळ. तांबरम, चेन्नई

आमच्या फुटबॉल क्लबने नव्या जर्सीवर छातीभर सिमेंट कंपनीचं नाव छापलं आणि क्लबचं चिन्ह बटणाएवढं केलं. निषेध म्हणून आज आमच्या स्टँडमध्ये सगळ्यांनी जर्सी उलटी, आतली बाजू बाहेर करून घातली. मीही.

स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसणारा सेंदिल पलीकडच्या कार्तिकला म्हणाला, "पैसा आला नाही तर क्लब बुडेल, मच्चा."

"मग गोल झाला की सिमेंटच्या नावाने ओरड," कार्तिक म्हणाला.

मी दोघांकडे बघून मान हलवली. नक्की कोणाला, कोण जाणे.

परतताना लोकल गाडीत आमच्याच क्लबची जर्सी सुलटी घातलेला एक मुलगा समोर बसला होता. एरवी जर्सी बघून असा अनोळखीही मला "काय मच्चा", म्हणजे काय मित्रा, म्हणतो. या परक्या शहरात मला आठवडाभरात दोस्तासारखी तेवढीच हाक. आज त्याने पाहिलंच नाही. कसा ओळखणार? बाहेर नुसती शिवण.

कार्तिकचं बरोबर आहे. तरी खोलीवर आल्यावर जर्सी सुलटी केली, पुन्हा घातली आणि चहा आणायला खाली गेलो.