पत्र्याखालची दुपार

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

आज वस्तीतल्या उन्हाळ्याचा आमचा अहवाल महापालिकेत साहेबांपुढे मांडला आणि हात हलवत परत आले. घरात कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून तुला लिहिते आहे. फार राग आलाय. त्यातला थोडा तुझाही आहे!

नाशिकची हवा थंड, असं आपण पाहुण्यांना किती कौतुकाने सांगायचो! तुझ्या गल्लीत मात्र मी घराघरांत तापमापक टांगत, बायकांना चक्कर येते का, झोप लागते का, असं विचारत हिंडत होते. तुझ्याही पत्र्याच्या खोलीत एक टांगला. तू हसलीस. "त्याला काय विचारतेस? मला विचार की!"

विचारलं होतं ना? पाणी पुरेसं पितेस का? "पिते गं बाई," म्हणालीस आणि पुन्हा मशीनवर वाकलीस. शाळा उघडायच्या आत गणवेश शिवून द्यायचे होते. कापड उडतं म्हणून पंखाही बंद!

खोटं का बोललीस?

त्या दुपारी मी पलीकडच्याच गल्लीत होते. शेजारच्या शारदाकाकूंची हाक ऐकून धावत आले. तू मशीनपाशी पडलेली. अंग भाजत होतं, घामाचा थेंब नाही. ओली चादर गुंडाळून रिक्षात घातलं, पण दवाखाना येईपर्यंत तू गेली होतीस. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू. हृदय बंद न पडता कुणी मरतं का गं?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शारदाकाकू म्हणाल्या, "ती दुपारची पाणीच पीत नव्हती. टाकीत पाणी नाय म्हणून दुपारचं गल्लीतल्या संडासाला कुलूप लावतात ना. पिलं तर जायचं कुठं, म्हणायची."

त्यांना सांगितलंस, मला नाही! भाचीची कसली लाज?

आज त्या गारेगार खोलीत साहेबांनी विचारलं, "या वस्तीत उष्माघाताने किती गेले?"

"कागदावर कुणीच नाही," मी म्हणाले. "पण माझी आत्या गेली."

"मॅडम, भावना बाजूला ठेवा."

मग 'भरपूर पाणी प्या' अशी पत्रकं वाटायचं ठरलं. मी संडासाच्या कुलपाचं काढलं, तर तो म्हणे दुसऱ्या विभागाचा विषय! तेवढ्यात चहा आला आणि बैठक संपली.

तिथून तडक तुझ्या गल्लीत गेले. बायका जमल्या. सगळं ऐकून शारदाकाकू एवढंच म्हणाल्या, "मग आपणच तोडू." कुणी हसलं नाही.

उद्या दुपारी आम्ही ते कुलूप तोडणार आहोत. प्रत्येकीने घरून पाण्याची एक बादली आणायची. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पुन्हा कुलूप लावलं, तर पुन्हा तोडू. तुझ्या गल्लीतल्या एकाही बाईला यापुढे तहान दाबून बसावं लागणार नाही, हा माझा शब्द.

तुला तो आता काय कामाचा, आत्या?

तुझी,
प्रज्ञा