मेल्या माणसाचं अपील

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. कडब्याची गंजी तुम्ही पेटवली नव्हती, हे मला ठाऊक आहे, आणि पुढे वरच्या कोर्टालाही पटलं. राग त्याचा नाहीच. छापलेल्या अक्षरावर तुम्ही जो आंधळा विश्वास ठेवलात आणि सगळ्या वस्तीला ठेवायला शिकवलात, त्याचा आहे.

प्रौढवर्गाची पुस्तकं वेळेवर येत नसत, म्हणून तुम्ही पेपरवरच शिकवायला बसायचात. ताडकळसहून येणाऱ्या एसटीने पेपर यायचा आणि दिवेलागणीला विहारासमोर बायाबाप्ये मथळ्यांवर बोट ठेवून अक्षरं जुळवायचे. कुणी शंका काढली की तुम्ही ऐटीत म्हणायचात, "छापून आलंय, खोटं कसं असंल?" मला अजून दिसतंय. तुम्ही सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसताय, माय 'भ' आणि 'म' मध्ये घोटाळा करतेय आणि सगळ्या वर्गात तुम्ही तिच्यावरच जास्त खेकसताय.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात तुम्ही पुढे होतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या गावच्या एका बड्या शेतकऱ्याची गंजी जळाली आणि पोलीस तुम्हालाच घेऊन गेले. लगेच पेपरात तुमचा फोटो. शाळेतल्या सत्काराचा, पण असा कापलेला की गळ्यातला हार दिसू नये. वर ठसठशीत मथळा: 'मास्तरानेच लावली आग'. 'आरोप' हा शब्द औषधालाही नव्हता. तुमच्या वर्गातल्या बायांनी कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं पहिलं सबंध वाक्य ते. मग शेजारची काकी हळूच म्हणाली, "आता छापूनच आलंय म्हनल्यावर..." पुढचं तिने गिळलं. तिला तरी काय बोलणार? तुमचाच धडा होता तो.

ओळख परेड त्या फोटोनंतर झाली. साक्षीदार म्हणजे त्या शेतकऱ्याचा सालगडी, राणीसावरगावकडून नव्याने आलेला. त्याने तुमच्याकडे बोट दाखवलं. खटल्यात आपल्या वकिलांनी त्याला विचारलं, "अंधारात ओळखलंस कसं?" बिचारा खरं तेच बोलला, "अंधारात कायबी दिसलं न्हाई साहेब. मालकानं पेपर दाखिवला. त्यात ह्येंचाच फोटू व्हता, मंग परेडीत लगीच वळखू आले." लोक हसले. शिक्षा मात्र झालीच. अपील केलं, ते पडून राहिलं, आणि तुरुंगात तापाचं निमित्त होऊन तुम्ही गेलात.

वकील घरी आले. आरोपी वारला की अपील संपतं, घरच्यांनी मुदतीत अर्ज केला तरच पुढे चालतं, असं त्यांनी समजावलं. "पण वहिनी, आता कुणाला सोडवायचंय?" माय चुलीपुढे भाकरी थापायली होती. हात न थांबवता म्हणाली, "मानूस गेला. डाग हाय की अजून. माजी लेकरं कुनाची म्हनून सांगू मी? चालवा तुमी." मी दारात उभी राहून ऐकत होते. वकील व्हायचं मी तिथेच ठरवलं, आणि तुमच्या शिकवण्यापेक्षा तिच्या त्या बोलण्याने मला जास्त शिकवलं, हे तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

वरच्या कोर्टाने सालगड्याचं तेच उत्तर ग्राह्य धरलं आणि तुम्हाला निर्दोष ठरवलं. आम्ही मायलेकी तडक पेपरच्या कचेरीत गेलो. संपादक चहा पीत म्हणाले, "मेलेला माणूस सुटला, यात बातमी काय आहे, बाई?" माय ताडकन म्हणाली, "जित्ता धरला तवा बातमी व्हती ना? मंग आता बी तेवढीच जागा द्या. आन् फोटू हारासकट छापा." त्यांनी चार ओळी दिल्या, आतल्या पानावर, बाजारभावाखाली. फोटो नव्हताच.

आता मी परभणीच्या कोर्टात वकिली करते आणि त्याच पेपरला माझा सत्कार करायचाय. फोटो मागतायत. मी कळवलं, आधी माझ्या वडिलांचा छापा, पहिल्या पानावर, तेवढाच मोठा, आणि वर लिहा 'निर्दोष'. नवे संपादक गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, जुनं कशाला उकरता?" उकरणार. हातपाय चालतायत तोवर उकरणार. ते छापत नाहीत तोवर त्यांची शाल मी अंगावर पडू देणार नाही, मग लोक मला आडमुठी म्हणोत नाहीतर आणखी काही.

हे पत्र कुठेच जाणार नाही ते एका परीने बरं आहे, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती. आजही सकाळी पेपर उघडते, पोलिसांनी धरलेल्या कुणाचा तरी फोटो समोर येतो, आणि क्षणभर मला वाटून जातं, यानेच केलं असेल.