भांडं घासतानाचं स्तोत्र

आई,

मला किळस येते. आधी हेच सांगते, तुझ्याशी गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती. यांना अर्धांगवायू होऊन पाच महिने झाले. उरणच्या या दोन खोल्यांत फिनेलचा, डायपरचा आणि माणसाच्या घाणीचा वास असा मुरलाय की भातालाही तोच येतो. काल नणंद आली होती. नाकाला रुमाल लावून दारातच बसली, बशीभर पोहे मात्र संपवले, आणि म्हणाली, "वहिनी, देवाचं करत जा गं. प्रार्थनेनं बळ येतं." मी म्हटलं, "बळाचं राहू दे, तुम्ही दोन दिवस राहा." तिला लगेच एसटी आठवली.

अशी चिडले की तू आठवतेस. चौलच्या घरी मागच्या पडवीत आजोबा अंथरुणाला खिळलेले. मी शाळेतून येते तेव्हा तू विहिरीपाशी त्यांचं शौचाचं भांडं घासत असतेस, राख आणि नारळाची शेंडी घेऊन, आणि तोंडानं स्तोत्र चालू. मोठ्यानं, चालीवर! आपल्याकडे अंघोळ करून सोवळं नेसल्याशिवाय देवापुढे कोणी तोंड उघडत नसे. मला शिसारी यायची. एकदा विचारलंच, "इथे कशाला म्हणतेस?"

"देवघरात म्हणायला काय लागतं? ओकारी इथे येते," तू म्हणालीस. "आणि बाजूला हो, फ्रॉकवर उडेल."

पुढच्याच आठवड्यात आत्या आली आणि तिनं तुला सगळ्यांदेखत झापलं. "घाणीत देवाला ओढतेस? लाज कशी वाटत नाही?" त्या दिवसापासून तुझे ओठ मिटले. भांडं तूच घासायचीस, पण मध्येच उठून पोफळीच्या बुंध्याशी वाकून ओकायचीस, तोंड धुऊन परत यायचीस. आजोबा जाईपर्यंत, दीड वर्षं. सोवळ्यातल्या एकानंही त्या भांड्याला हात लावला नाही. त्या सोवळ्याची मला अजून घाण वाटते.

आज सकाळी यांचं करताना हातमोजा फाटला आणि बोटं भरली. यांनी लाजेनं डोळे मिटून घेतले. मला त्या लाजेचाही संताप आला. तसंच टाकून निघून जावंसं वाटलं, खरंच. आणि तोंडातून तुझं स्तोत्र आलं, तू श्वास घ्यायचीस तिथेच थांबत. देवानं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. वास तसाच होता. पण ते संपेपर्यंत हात चालले, यांना पुसून झालं, चादर बदलून झाली. दुसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा यांनी डोळे उघडले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिण्याचं धाडस होतंय. आत्याला कोणी सांगितलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. मी सांगितलं. तिनं मला खडीसाखर दिली होती, आणि ती मी तुझ्यासमोर बसून चोखली.