दोघांची पायपेटी

कोर्लई. रविवार, संध्याकाळ.

चर्चमधली जुनी पायपेटी आज कायमची बंद झाली, आणि निमित्त मी. शेजारच्या फिलूमावशीचे गुडघे गेल्यापासून पायांनी भाता मारायचे तिचे यजमान, जुझेकाका. ती नुसती बोटं चालवायची. काका गेले, म्हणून आज मी बसले. भाता मारला अगदी तालात. काय ती हौस माझी!

अर्ध्या गाण्यात तिचे हात थांबले.

"चुकलं का गं, मावशी?"

"न्हाय गो, बरा मारतेस. तुझे काका दर ओळीला मागं राहायचे. माझी बोटं अजून थांबतात, नि तू पुढं."

झाकण लावून फादरना म्हणाली, "कीबोर्ड आणा आता."

मी मुद्दाम मागं राहायला हवं होतं? तिला कळलंच असतं. घरी येतानासुद्धा मीच सारखी चार पावलं पुढे.